गेट नंबर दोन

अलकनंदा भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल आडवं टाकत खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि तेविसाव्या पानावर फुंकर घालायला वाकली. शाई अजून ओली होती. फरशीवर चोवीस पानं मांडलेली होती, चार-चारच्या सहा रांगा, आणि रांगांच्या मधे जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा. पुस्तकाला पिना मारायच्या आधी सगळी पानं अशी जमिनीवर पसरून उभ्यानं वाचायची, ही तिची पद्धत. टेबलावर एकेक पान छानच दिसतं. गोष्ट कुठे रखडली, कुठे उगाच धावली, ते जमिनीवर कळतं. दिल्लीच्या मुनिरका भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत त्यासाठी गादी उभी करून भिंतीला लावावी लागायची, स्टोव्ह खिडकीत ठेवावा लागायचा, आणि तेवढा वेळ चहा विसरावा लागायचा.

दारावर टकटक झाली. ही पूर्वीच, असं तिनं धरून टाकलं. पूर्वी तिची कॉलेजातली मैत्रीण. येत्या शनिवारी मंडी हाउसजवळच्या एका हिरवळीवर, स्वतःची पुस्तकं स्वतःच छापून विकणाऱ्या खुळ्या लोकांचा दोन दिवसांचा मेळा होता आणि पूर्वीनं त्यात दोघींसाठी एक टेबल मिळवलं होतं. तेव्हापासून ती रोज येऊन, झालं का, झालं का, म्हणून जीव खात होती.

"खुला है यार, आ जा," अलकनंदा न बघताच म्हणाली. "बस नीचे देख के."

दार उघडलं, पण आत कुणी आलं नाही. उंबऱ्यापाशी कुणीतरी वाकलं आणि बुटांच्या नाड्या सोडताना एक बारीकसं कण्हणं ऐकू आलं. ते कण्हणं ती लहानपणापासून ओळखत होती.

"आबा, तुम्ही?"

"आईनं धपाटे दिलेत. आणि शेंगदाण्याची चटणी," मारुतराव म्हणाले. "म्हणाली, काम असलं की पोरगी जेवत नाही. आधी फोन करणार होतो, तर तुझ्या घरमालकाचा फोन बंद."

ते सरळ झाले. उजव्या हातात डबा, डाव्या हातात बूट आणि नजर जमिनीवर.

ओली पानं उचलून लपवायची म्हटलं तर शाईचा चिखल झाला असता. आणि आता लपवून उपयोगही नव्हता. पहिल्याच पानावर, पहिल्याच चौकटीत एक माणूस पहाटे जमिनीवर बसून पँटला इस्त्री करत होता. त्याच्या मिशा, त्याचे कान, इस्त्री फिरवताना जीभ दाताखाली धरायची त्याची खोड, सगळं उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचं होतं.

मारुतराव अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. जोशीमठजवळ पोस्टिंग असताना मुलगी झाली, म्हणून तिचं नाव अलकनंदा. सुभेदार म्हणून ते रिटायर झाले तेव्हा खटाव तालुक्यातल्या वडगावला परत जायचं असंच ठरलं होतं. पण आधी अलकनंदाचं आर्ट कॉलेज, मग धाकट्या पृथ्वीराजचं इंजिनीअरिंग, असं करत करत मंडळी पालममध्ये दोन खोल्या घेऊन राहिली ती राहिलीच. तोवर गुडगावात शेतं विकली जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि काचेच्या इमारतींना फौजी माणसं हवी होती. चार वर्षांपूर्वी मारुतरावांना तिथल्या एका कंपनीत नोकरी लागली. सिक्युरिटी ऑफिसर. कंट्रोल रूममध्ये बसायचं, एसी असतो, समोर बारा टीव्ही असतात, त्यांच्यावर नजर ठेवायची. असं त्यांनी घरी सांगितलं, आणि अलकनंदाच्या आईनं, तानूबाईंनी ते वडगावला कळवलं. वडगावात त्यांचा भाव एकदम वधारला. पुतण्यांच्या लग्नपत्रिकांवर त्यांच्या नावापुढे 'ऑफिसर' छापून यायला लागलं.

जून महिन्यात अलकनंदा एका बिल्डरच्या माहितीपत्रकाची चित्रं द्यायला गुडगावला गेली होती. पोटासाठी ती तेच करायची: हिरवीगार लॉन, फुगा धरलेली मुलं, कधीच न थकणारे आजी-आजोबा. परतताना बस सिग्नलला थांबली आणि खिडकीतून तिला आबा दिसले. एका इमारतीच्या गेट नंबर दोनवर, भर उन्हात, लांब दांडीचा आरसा घेऊन ते एका गाडीच्या पोटाखाली बघत होते.

ती पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे आली, पण रस्ता ओलांडला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून तिनं पाऊण तास आबांना पाहिलं आणि वहीत काढलं. त्यानंतर सहा-सात वेळा गेली. घरी अवाक्षर काढलं नाही. त्या वहीतूनच ही चोवीस पानं झाली होती, आणि त्यांत एकही शब्द नव्हता. दिल्लीत वाढलेल्या मुलीची पंचाईतच असते. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, कामात इंग्रजी, आणि मनातलं सांगायला बसलं की तिन्ही थोड्या थोड्या अपुऱ्या पडतात. म्हणून ती बिनशब्दांची पुस्तकं करायची. त्यातला तोटा आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आला. ती कुणालाही वाचता येतात.

"बघू का?" मारुतरावांनी विचारलं.

नको म्हणायची सोय नव्हती. तिनं नुसती मान हलवली. त्यांनी डबा खिडकीत ठेवला, बूट दाराबाहेर जोडीनं लावले आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. हात पाठीमागे बांधून, पाऊल जपून टाकत, ते एकेका पानासमोर थांबत होते. बराकीतल्या खाटांचा मुआयना करताना ते असेच चालत असणार. अलकनंदा उभ्या केलेल्या गादीला टेकून राहिली. तिला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती. बापाला चोरून पाहिलं, त्याचं लपवलेलं उघडं केलं, आणि वर शनिवारी ते टेबलावर मांडून लोकांना विकायचं. आपण कुठल्या तोंडानं हे करायला निघालो, ते तिला आता आठवेना.

पहिली रांग झाली. दुसऱ्या रांगेत स्कूटर, हायवे, शेतांत रोवलेल्या बिल्डरांच्या पाट्या. तिसऱ्या रांगेत गेट आलं. तिथे मारुतराव बराच वेळ थांबले.

"आरसा बरोबर काढलास," ते म्हणाले. "आभाळ दिसतं त्यात, खरं आहे. गाडी पुढं गेली की दिसतं."

एवढंच. कंट्रोल रूमचं काय, बारा टीव्हींचं काय, ह्याबद्दल ते बोलले नाहीत, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. ते चौथ्या रांगेकडे वळले. मग पाचव्या.

सहाव्या रांगेत पुस्तकाचा शेवट होता. एक लांब पांढरी गाडी येते. मागच्या सीटवर तिशीतला एक मुलगा, कानाला मोबाइल. म्हातारा रक्षक टोपी काढतो. सबंध एक पान तिनं टोपी उतरण्यालाच दिलं होतं: बोटं टोपीच्या काठाला लागतात, टोपी कपाळावरून सुटते, घामानं चिकटलेले पांढरे केस दिसतात, टोपी छातीशी येते. मग तो उघड्या डोक्यानं सॅल्यूट करतो. मुलगा बघतही नाही. गाडी आत जाते. शेवटच्या पानावर फक्त गेट, धूळ, आणि हातात टोपी घेतलेला माणूस.

हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एकदा नव्हे, तीनदा. ती पांढरी गाडी आली की आबा टोपी काढायचे. कर्नलसमोरही ज्यांची मान खाली गेली नाही, त्यांनी पोटच्या पोराएवढ्या माणसासमोर टोपी उतरवावी, हे पाहून पहिल्या वेळी टपरीवरच तिला रडू फुटलं होतं, आणि चहावाल्यानं न मागता दुसरा चहा आणून ठेवला होता. पूर्वीला तर हा शेवट इतका आवडला होता की ती म्हणाली होती, बाकीचं नसतं तरी चाललं असतं.

"हे खोटं आहे," मारुतराव म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आबा, मी पाहिलंय."

"काय पाहिलंस?"

"तुम्ही टोपी काढलीत. त्या मॅनेजरची गाडी आल्यावर. ऑगस्टमध्ये दोनदा आणि गेल्या महिन्यात एकदा."

"टोपी काढली. बरोबर. पुढं?"

"पुढे सॅल्यूट."

"तो पाहिलास?"

गाडी मधे होती. टपरीवरून आबांचं डोकं दिसत होतं, खांदे दिसत होते. हात दिसत नव्हते.

मारुतराव गुडघे मोडून खाली बसले. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि तेविसाव्या पानाच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"ह्या निळ्या रेषा कसल्या?"

"कच्च्या. आधी फिकट निळ्या पेन्सिलीनं काढायचं, मग त्यावर शाई. फोटोकॉपीच्या मशीनला हा निळा दिसत नाही, म्हणून पुसावं लागत नाही. छापून फक्त शाई येते."

"ह्यात हात खाली आहे."

ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. शाईतला हात कपाळाला लागलेला होता. त्याच्या खाली, फिकट निळ्यात, दुसरा हात सरळ मांडीलगत उतरलेला होता. वहीतून तिनं तो जसाच्या तसा उतरवला होता, कारण त्या दिवशी आबांचा खांदा सपाट होता, आणि खांदा सपाट असला तर हात कपाळापर्यंत जाऊच शकत नाही. चार वर्षं माणसांचे सांगाडे काढून एवढं तरी तिला कळत होतं. पण शाई करायला घेतली तेव्हा चित्र थंड वाटलं. टोपी काढून नुसताच उभा? मग काय झालं? म्हणून तिनं हात वर उचलला.

"आधीचा बरोबर होता," मारुतराव म्हणाले. "वरचा तुझ्या मनातला."

"पण मग टोपी..."

"अलके, पाच छावण्यांत वाढलीस तू. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करतात?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तशीच थांबली. हे तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी आबा गंजीफ्रॉकवर तुळशीला पाणी घालत असायचे, रस्त्यानं साहेब जायचे, आणि आबा हातातला तांब्या खाली ठेवून फक्त ताठ उभे राहायचे. तिनं तेव्हा विचारलं होतं आणि आबांनी सांगितलंही होतं.

"नाही करत," ती हळूच म्हणाली. "टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. नुसतं सावधान."

"मग?"

मारुतराव उठले. गुडघे वाजले. खिडकीतला स्टोव्ह थोडा सरकवून ते तिथे टेकले आणि बाहेर बघत बोलायला लागले.

"कंपनीचा हुकूम आहे. स्टिकर असलेल्या प्रत्येक गाडीला सॅल्यूट. पगार घेतो, करतो. त्यात काही नाही. पण हा जो पांढऱ्या गाडीतला आहे, त्यानं एकदा आमच्या रामसूरतला शिवी दिली. वयानं माझ्याएवढा माणूस. गेटचा दांडा उचलायला जरा वेळ लागला, तर ह्यानं काच खाली करून आईवरून. तेव्हापासून ती गाडी दिसली की मला फार उकडतं."

"उकडतं?"

"टोपी काढतो, घाम पुसतो, सावधान उभा राहतो. नियमात बसतं सगळं."

"आणि त्याला कळत नाही?"

"त्याला काय कळतंय. त्याला वाटतं, म्हातारा जरा जास्तच मान देतो. गेल्या दिवाळीला मिठाईचा मोठा डबा दिला मला. बाकीच्यांना लहान."

अलकनंदाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. चार महिने ती ह्या माणसाची कीव करत होती. त्या कीवेवर पुस्तक उभं केलं होतं, आणि ते चांगलं झालंय असं तिला वाटत होतं. तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

"जूनपासून येत होतीस?" मारुतरावांनी विचारलं.

"हो."

"रस्ता ओलांडायचास की. आम्ही घरून डबा नेतो. दोघांना पुरला असता."

तिनं धपाट्यांचा डबा उघडला आणि दोघं गादीला टेकून, पानांच्या रांगांसमोर पाय आखडून जेवले. जेवताना मारुतरावांनी दोनच गोष्टी विचारल्या. नवीन चार पानं काढायला किती दिवस लागतात, आणि शनिवारपर्यंत होतील का. होतील, ती म्हणाली, पण मला आधी नीट बघावं लागेल.

"मंगळवारी ये. ह्या बाजूला ये," बुटांच्या नाड्या बांधताना ते म्हणाले. आणि मग, नाडीकडेच बघत, "आईला सध्या काही बोलू नको."

मंगळवारी तिनं रस्ता ओलांडला. गेटच्या केबिनमध्ये एक पंखा, एक रजिस्टर आणि एक स्टूल होतं. रामसूरतनं ते स्टूल गमछ्यानं पुसून तिला दिलं. "हमारी बेटी है. कॉमिक बनाती है," आबांनी सांगितलं, आणि ते अशा सुरात सांगितलं की रामसूरत एकदम अदबीनं उभा राहिला. ती वही मांडीवर घेऊन बसली. तीन वाजेपर्यंत पुष्कळ गाड्या आल्या आणि आबांनी टोपी घालून पुष्कळ सॅल्यूट केले, स्वच्छ, कोपर खांद्याच्या रेषेत. त्यात लाचारी कुठेच नव्हती. टपरीवरून तिला ती दिसली होती, ती बहुधा टपरीवरच असावी.

तीनच्या सुमाराला पांढरी गाडी वळली. आबांनी आभाळाकडे पाहिलं, ऊन फारच आहे असा चेहरा केला आणि टोपी काढली. त्याच क्षणी दांड्यापाशी उभ्या असलेल्या रामसूरतनं टोपी काढली. आत, उतारावर, भिंतीच्या आड एक तिसरा गार्ड होता. तो टपरीवरून कधीच दिसला नव्हता. त्यानंही काढली. तीन टोप्या एका ठेक्यात उतरल्या, तीन रुमाल कपाळावरून फिरले, आणि तीन माणसं मुठी वळून, अंगठे पँटच्या शिवणीला लावून ताठ उभी राहिली. हे आबांनी सांगितलं नव्हतं. गाडीतल्या मुलानं आज मोबाइल खाली घेतला आणि अगदी प्रसन्न होऊन हात हलवला. आबांच्या मिशीचं डावं टोक किंचित हललं. अलकनंदाची पेन्सिल कागदावर इतकी भराभर चालली की तिचं टोक मोडलं.

बुधवार आणि गुरुवार ती खोलीबाहेर पडली नाही. पूर्वी आली, नवी पानं बघून आधी म्हणाली, "पहिलेवाला रुलाता था." मग पुन्हा बघितलं आणि तीन टोप्यांच्या पानावर खदखदून हसली. तेवढ्यावर अलकनंदानं जुनी चार पानं गुंडाळून कपाटावर टाकली.

शुक्रवारी सकाळी घरमालकाकडे फोन आला. मारुतराव फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत.

"पुस्तक घेऊन संध्याकाळी घरी ये. आई आहे."

ती कच्ची प्रत पिना मारून घेऊन गेली. बाकीच्या प्रती दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवरून निघायच्या होत्या, म्हणून मूळ पानंही फोल्डरमध्ये बरोबर होती. पालमच्या घरात तानूबाई पंख्याखाली लसूण सोलत बसल्या होत्या आणि मारुतराव खुर्चीवर, न वाचता, पेपर धरून. लेकीला पाहून ते उठले, तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि बायकोपुढे धरलं.

"हे वाच," ते म्हणाले.

"मला कुठं इंग्रजी येतंय."

"इंग्रजी नाही. काहीच नाही लिहिलेलं. बघ नुसतं."

तेव्हा अलकनंदाला कळलं, की जे चार वर्षांत बोलता आलं नाही ते बोलायला ह्यांनी आपलं पुस्तक मागवलंय. ती दाराशीच उभी राहिली. तानूबाईंनी पदराला हात पुसले आणि पहिलं पान उघडलं. इस्त्रीच्या चित्राला त्या स्वतःशी हसल्या. स्कूटरचं पान उलटलं. मग गेट आलं, ऊन आलं, लांब दांडीचा आरसा आला, आणि त्यांचा हात थांबला. मारुतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. फौजेत एवढ्या वेळा गोळ्यांच्या समोर गेलेला माणूस, आणि लसणाच्या साली घेऊन बसलेल्या बायकोपुढे त्याला धड उभं राहता येत नव्हतं.

"ही काही कंट्रोल रूम नव्हे," तानूबाई म्हणाल्या.

"नव्हे."

"चार वर्षं तुमचे शर्ट मी धुतेय. एसीत बसणाऱ्याच्या पाठीवर मीठ फुटत नाही असं."

मारुतरावांनी मान वळवली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

"आणि गावाला तूच तर ऑफिसर, ऑफिसर म्हणून..."

"तुम्ही म्हणालात, म्हणून मी म्हणाले. नवऱ्याला खोटं पाडू होय चार माणसांत?"

हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. पण त्यांनी पान उलटलं, आणि पुढचं, आणि त्याच्या पुढचं. टोपीच्या पानावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ही टोपी का काढतायत, म्हणून विचारलं. मारुतरावांनी सांगितलं. आधी तुटक, मग रामसूरतचं, शिवीचं, मिठाईच्या डब्याचं, सगळं. तानूबाईंनी ऐकून घेतलं, तीन टोप्यांचं पान परत उघडलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की लसणाची सुपली मांडीवरून घसरली.

"मागच्या दिवाळीचे ते काजूचे लाडू ह्याचे होते तर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "ह्यात नाव कुठंय?"

"मागे आहे आई, बारीक अक्षरात."

"तुझं नव्हे. ह्यांचं."

अलकनंदानं आबांकडे पाहिलं. ते पुन्हा कॅलेंडरकडे बघत होते.

"मुद्दाम नाही घातलं," ती म्हणाली. "मेळा मंडी हाउसला आहे. कोपर्निकस मार्ग तिथून दोन मिनिटांवर. महाराष्ट्र सदनातली माणसं रविवारी तिकडे फिरायला येतात. तो वडगावचा विठ्ठल सदनात ड्रायव्हर आहे. त्यानं पाहिलं, गावात सांगितलं, तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. ते पुरं करायची गरज घरात कुणालाच नव्हती. पंख्याची घरघर चालू होती. बाहेर विमान उतरलं, खिडकीची तावदानं थरथरली.

"लिही," मारुतराव म्हणाले.

"आबा?"

"तू आधी काढला होतास ना, सॅल्यूट करणारा, त्या माणसाला माझं नाव दिलं नसतं मी. ह्याला दे. सुभेदार मारुतराव यशवंत घार्गे. रिटायर्ड."

तिनं फोल्डर उघडलं. शेवटच्या पानाची मूळ प्रत काढून पाटावर ठेवली, खाली निळ्या पेन्सिलीनं दोन आडव्या रेषा आखल्या आणि त्यांच्या मधे अक्षरं बसवायला लागली. तिच्या सबंध पुस्तकात चित्राखाली आलेले हे पहिलेच शब्द होते आणि देवनागरी लिहायची सवय सुटल्यामुळे हात जड चालत होता. मारुतराव मागे येऊन उभे राहिले. रिटायर्डमधला रफार त्यांनी बोटानं दाखवला. तिनं शाईची बाटली उघडली, निब बुडवली आणि नाव पक्कं केलं.

"खाली गावाचं घाल," ते म्हणाले. "वडगाव."

तिनं निब वर उचलली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि वडगाव लिहिलं.

"तालुका पण घाल गं," तानूबाई लसूण गोळा करता करता म्हणाल्या. "वडगावं ढिगानं आहेत. लोकांना वाटायचं, दुसरेच कुणीतरी."